नोटेवरील वाक्य

मासिकाकडे परीक्षणासाठीं जें वाङ्मय येतें त्यांत कादंबऱ्या असतात, काव्यसंग्रह असतात, चरित्रें असतात. परंतु ज्याच्या प्रती कोट्यवधि निघतात, जें धनिकाच्या तिजोरींत आणि मोलकरणीच्या पदराच्या गांठींत सारख्याच मानानें राहतें, आणि जें बहुधा कोणी वाचीत नाहीं, असें एक लिखाण परीक्षणावांचून राहून जातें. तें लिखाण म्हणजे चलनी नोट. नोटेवर चित्र असतें, आंकडा असतो, सही असते. आणि यांखेरीज एक वाक्य असतें. तें कोणीं तरी कोणाला तरी उद्देशून लिहिलेलें असतें. त्याला कर्ता असतो, क्रियापद असतें. कधीं त्यांत आज्ञा असते, कधीं वचन असतें. तेव्हां त्याला वाङ्मयाची कसोटी लावून पाहण्यास हरकत नसावी.

आम्हांस पडलेला प्रश्न साधा आहे. कागद तोच, शाई तीच. मग एक नोट लोक डोळे मिटून घेतात आणि दुसरी हातीं येतांच कोणाच्या तरी गळ्यांत घालून मोकळे होतात, असें कां व्हावें? याचें उत्तर शोधण्यासाठीं आम्हीं तीन लेख पुढें ठेवले आहेत. पहिला दौलताबादच्या टांकसाळींतील तांब्यापितळेचा टंका. दुसरा १९२३ सालीं बर्लिन येथें निघालेली नोट. तिसरा हैदराबाद संस्थानची उस्मानिया सिक्क्याची नोट. पहिला आणि तिसरा छत्रपति संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, परिसरांत चाललेले आहेत. मधला परक्या मुलखांतला आहे. परंतु पार बुडालेलें चलन पुन्हां उभें कसें राहतें हें त्याच्यावांचून कळत नाहीं, म्हणून त्याला अधिक जागा दिली आहे.

परीक्षणाला कांहीं माप हवें. तें बाहेरून आणण्याची गरज नाहीं. आमच्या पेढ्यांवर तें तयारच होतें. हुंडीचें गद्य ज्यानें वाचलें असेल त्याला आमचें म्हणणें पटेल. हुंडींत रक्कम लिहीत, ती अक्षरांत पुन्हां लिहीत, मग तिची निमपट लिहून 'त्याची दुप्पट' असें सांगत. एवढ्यासाठीं कीं, मागाहून कोणीं आंकड्यांत एखादें शून्य घुसडूं नये. 'शहाजोग' हा एक शब्द घातला म्हणजे पैसे वाटेल त्या येणाऱ्यास नव्हे, तर बाजारांत पत असलेल्या शहासच मिळावयाचे. 'दर्शनी' म्हटलें कीं पाहतांच द्यावयाचे. 'मुदती' म्हटलें कीं मुदत भरल्यावर. हुंडी गहाळ झाली तर पेठ, तीहि गहाळ झाली तर परपेठ. या गद्यांत विशेषण नाहीं, गौरव नाहीं, धमकी नाहीं. प्रत्येक शब्द लबाडीची एकेक वाट बंद करण्यासाठीं आलेला आहे. कोण देणार, किती देणार, कोणाला देणार, आणि फसवणूक कशी टळणार, या चार प्रश्नांचीं उत्तरें हुंडी देते. पांचव्या प्रश्नाचें उत्तर मात्र तिच्यांत नसतें: या पेढीनें अशा किती हुंड्या लिहिल्या आहेत? तें बाजाराला अनुमानानें ठाऊक असे. आणि ज्या दिवशीं तें अनुमान बिघडे त्या दिवशीं पेढीचें दिवाळें निघे. हे पांच प्रश्न वाचकांनीं ध्यानांत ठेवावे.

आतां पहिला लेख. मुहम्मद तुघलकानें (कारकीर्द १३२५ ते १३५१) देवगिरीला दौलताबाद हें नांव देऊन १३२७ च्या सुमारास तेथें राजधानीचा पसारा हलविला, ही गोष्ट शाळेंतल्या मुलांसहि माहीत असते. त्यानंतर दोन-तीन वर्षांनीं त्यानें रुप्याच्या टंक्याच्या मोलानें चालावयाचीं तांब्यापितळेचीं नाणीं काढलीं. ही कल्पना त्याची स्वतःची नव्हती. चीनमध्यें मोंगल बादशहांच्या कागदी नोटा चालत होत्या. इराणांत गैखातूनें १२९४ सालीं तब्रीझ येथें त्यांचें अनुकरण केलें, तेव्हां बाजार ओस पडले आणि थोड्याच आठवड्यांत नोटा मागें घ्याव्या लागल्या. तुघलकानें कागदाऐवजीं धातु घेतला. त्याच्या नाण्यांवर टांकसाळीचें नांव म्हणून 'तख्तगाह दौलताबाद' असेंहि आढळतें. म्हणजे हा लेख आमच्या अगदीं शेजारीं लिहिला गेला.

लेखाचा आशय असा कीं, आशावान दास मुहम्मद तुघलक याच्या काळीं हा पन्नासगानीचा टंका म्हणून मोहर झाला. आणि जो सुलतानाची आज्ञा मानतो तो ईश्वराची आज्ञा मानतो. पहिल्या भागांतील नम्रता आणि दुसऱ्या भागांतील दरारा हीं इतक्या लहानशा वर्तुळांत एकत्र यावीं, हें रचनेच्या दृष्टीनें लक्षांत घेण्याजोगें आहे. रुप्याच्या नाण्यावर असला लेख शोभून दिसला असता, कारण तेथें लेख हें केवळ भूषण, मोल रुप्याचें. येथें सगळें मोल लेखावर आलें आणि लेख तर भलतेंच बोलूं लागला! 'मोहर झाला' या क्रियेंत घडलेल्या गोष्टीची वार्ता आहे; देण्याची भाषा नाहीं. हा टंका घेऊन कोणी सुलतानाच्या खजिन्याशीं आला तर त्याला काय मिळेल, याविषयीं एक अक्षर नाहीं. प्रजेनें काय करावें हें सांगितलें आहे. राजानें काय करावें हें सांगितलेलें नाहीं. हुंडीच्या पांच प्रश्नांपैकीं एका 'किती'चेंच उत्तर तेवढें मिळतें.

पुढें काय झालें तें झियाउद्दीन बरनीनें आपल्या इतिहासांत सांगितलें आहे. घरोघर टांकसाळी निघाल्या, लोकांनीं सारा तांब्याच्या नाण्यांत भरला, रुपें दडवून ठेवलें, दूरच्या मुलखांत ते टंके तांब्याच्याच भावानें घेतले जाऊं लागले, असा त्याचा वृत्तांत आहे. बरनी हा सुलतानाचा बरींच वर्षें दरबारी होता. परंतु ग्रंथ लिहिला तेव्हां तो वृद्ध, विपन्न आणि नव्या दरबारास नकोसा झालेला होता. त्याच्या लेखणींत कडवटपणा आहे. खोट्या नाण्यांचा दोष तो सरसकट हिंदूंच्या घरांवर टाकतो, हेंहि आम्हांस मान्य नाहीं. ज्या नाण्याची नक्कल गल्लींतल्या तांबटाला आपल्या भट्टीवर करतां येते, ज्याला खुणेचें असें कांहीं नाहीं, आणि जें किती पाडलें याची मोजदाद बाजारापर्यंत पोंचत नाहीं, त्याची नक्कल कोणत्याहि जातीधर्माच्या माणसानें केली असती. दोष घराचा नव्हे, लेखाचा. लिहिणाऱ्यानें चौथा आणि पांचवा प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता.

तथापि या प्रकरणाचा शेवट तुघलकाला वेडा म्हणणारांनीं नीट वाचावा. सुमारें तीन वर्षांत त्यानें तीं नाणीं रद्द केलीं आणि लोकांनीं आणून दिलेल्या टंक्यांबद्दल खजिन्यांतून सोनेंरुपें दिलें. तांब्याच्या नाण्यांचे ढीग तुघलकाबादेस डोंगरासारखे पडून राहिले, असें बरनी लिहितो. त्या ढिगांत खऱ्याबरोबर खोटेंहि पुष्कळ असलें पाहिजे. नाण्यावर जें वचन लिहिलेंच नव्हतें तें सुलतानानें पाळलें. मनुष्य म्हणून ही त्याची थोरवी. लेखक म्हणून हें त्याचें अपयश.

आतां सहा शतकें ओलांडून बर्लिनकडे येऊं. तेथील जुन्या राइश्सबँकेच्या नोटेवरील वाक्य हुंडीच्या कुळांतलें होतें: ही नोट आणून देणारास बँकेची बर्लिन येथील मुख्य तिजोरी इतके मार्क देते. कर्ता आहे, क्रिया आहे, घेणारा आहे, रक्कम आहे. शिवाय खोटी नोट करणारास सक्तमजुरीची शिक्षा सांगणारी तळटीप आहे. चार प्रश्नांचीं चोख उत्तरें देणारें हें गद्य. परंतु ऑगस्ट १९१४ मध्यें महायुद्ध सुरू होतांच नोटेबद्दल सोनें देणें थांबविण्यांत आलें. तेव्हांपासून 'देते' या क्रियापदाचा अर्थ 'एका कागदाबद्दल दुसरा कागद देते' एवढाच उरला. वाक्य बदललें नाहीं. अर्थ निघून गेला. युद्धाचा खर्च कर्जावर चालविला होता. नंतर जेत्यांची खंडणी आली. जानेवारी १९२३ मध्यें फ्रान्स व बेल्जम यांनीं रूर प्रांत व्यापला आणि तेथें असहकार करणाऱ्या कामगारांना सरकार पैसे पुरवूं लागलें. हे पैसे छापखान्यांतून येत होते. १९१४ मध्यें एका डॉलरला ४.२ मार्क पडत. जानेवारी १९२३ मध्यें सुमारें १८ हजार. आणि २० नोव्हेंबर १९२३ रोजीं ४.२ लाख कोटी! शंभराहून अधिक खासगी छापखाने नोटा छापण्याच्या कामास जुंपले होते. घाईमुळें कित्येक नोटा एकाच बाजूनें छापीत. आणि कोट्यवधि मार्कांच्या त्या एकांगी कागदांवरहि तेंच सभ्य वाक्य छापलें जात होतें: आणून देणारास तिजोरी देते!

वाङ्मयाच्या इतिहासांत शब्दाची इतकी विटंबना क्वचित् झाली असेल. तुघलकाच्या लेखांत वचन नव्हतें म्हणून तो फसला असें कोणी म्हणेल, तर या नोटेंत वचन होतें, स्पष्ट होतें, कायदेशीर होतें. तरी ती तुघलकाच्या टंक्याहून खालीं गेली. तांब्याच्या टंक्याला निदान तांब्याची किंमत होती. येथें पांचव्या प्रश्नानें सूड घेतला. किती नोटा काढल्या, याला मर्यादा उरली नव्हती. आणि ज्या वचनाला संख्येची मर्यादा नाहीं तें सर्वांना दिलेलें असलें तरी कोणालाच दिलेलें नसतें.

या राखेंतून जी नोट निघाली ती रेंटेनमार्काची. तिच्या दर्शनी भागावर पाहावें तर निराशा होते. एक रेंटेनमार्क, १५ ऑक्टोबर १९२३ च्या हुकुमान्वयें काढली, बर्लिन, १ नोव्हेंबर १९२३, जर्मन रेंटेनबँक. बस्स, इतकेंच. 'देते' हें क्रियापदसुद्धां नाहीं. कचेरींतल्या कारकुनानें फायलीवर मारलेल्या शेऱ्यासारखें हें गद्य आहे. आणि तरीहि १५ नोव्हेंबर रोजीं ही नोट लोकांच्या हातीं आली तेव्हां ती टिकली. जुने एक लाख कोटी मार्क बरोबर एक रेंटेनमार्क असा हिशेब ठरला आणि धांवतें चलन थबकलें.

याचें रहस्य नोटेवर छापलेलें नव्हतें. तें तिच्यामागील हुकुमांत होतें. 'रेंटे' म्हणजे कायमचें, वर्षासनासारखें येणारें उत्पन्न. देशांतील शेतजमीन आणि उद्योगधंदे यांवर मिळून ३२० कोटींचा बोजा चढवून तो या बँकेचें भांडवल म्हणून धरला होता. ज्याच्यापाशीं ५०० रेंटेनमार्क असतील त्याला ते देऊन ५०० सुवर्णमार्कांचा, दरसाल ५ टक्के व्याजाचा रोखा घेतां येत असे. त्या काळीं कित्येकांनीं म्हटलें कीं, ही शुद्ध कविकल्पना आहे. नोट घेऊन कोणी बँकेंत गेला तर त्याला बिघाभर शेत थोडेंच तोडून देणार? आक्षेप खरा होता. परंतु या कल्पनेला एक सीमा होती. नोटा २४० कोटींवर काढावयाच्या नाहींत, आणि त्यांपैकीं सरकारला १२० कोटींवर द्यावयाच्या नाहींत, असें आरंभींच ठरलें होतें. डिसेंबरमध्यें सरकारनें अधिक कर्ज मागितलें, तेव्हां बँकेनें तें नाकारलें. राइश्सबँकेनेंहि सरकारच्या हुंड्या वटविणें १५ नोव्हेंबरपासून बंद केलें. सरकारी नोकरांत चौथाई कपात करण्याचा हुकूम निघाला. चलन-आयुक्त शाख्त आणि अर्थमंत्री लूथर यांची कीर्ति या कामामुळें झाली. पण खरी कर्तबगारी 'नाहीं' या शब्दाची होती.

आणखी एक गोष्ट टीकाकारानें नोंदविली पाहिजे. रेंटेनमार्क सरकारी तिजोऱ्या घेत. परंतु खासगी व्यवहारांत तो घेतलाच पाहिजे अशी कायद्याची सक्ती नव्हती. तुघलकाची आज्ञा येथें नाहीं, राइश्सबँकेचें वचनहि नाहीं. उरते ती मर्यादा. पांच प्रश्नांपैकीं ज्या एकाला इतरांनीं बगल दिली त्याच एकाचें उत्तर या नोटेनें दिलें, आणि बाकीच्यांचीं उत्तरें लोकांनीं आपल्या मनानें भरून काढलीं.

येथें रेंटेनमार्काची स्तुति थांबविली पाहिजे. कारण या सुधारणेचें एक पान दुःखाचें आहे. ज्यांनीं आयुष्यभर काटकसर करून ठेवी ठेवल्या, विम्याचे हप्ते भरले, मुलींच्या लग्नासाठीं रोखे घेतले, त्यांच्या पदरीं नव्या हिशेबानें शून्य आलें. ज्याच्या डोक्यावर कर्ज होतें तो एका दुधाच्या पेल्याच्या किमतींत मोकळा झाला. १९२५ सालच्या कायद्यानें गहाणखतांच्या कर्जांस मूळ रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत जीव दिला. बाकीचें गेलें तें गेलें. नव्या नोटेनें उद्यांचें वचन पाळलें, कालचें नाहीं. पेन्शनवर जगणारा शिक्षक आणि विधवा यांना त्या शिस्तीचें कौतुक कोणत्या तोंडानें सांगावें? ज्या मध्यम वर्गाच्या घरांत हें मासिक जातें त्याच वर्गाची ती कहाणी आहे, म्हणून ती येथें सांगितली.

तिसरा लेख आमच्या आजोबा-पणजोबांच्या हातचा. हैदराबाद संस्थानांत चलनाचा बोजवारा उडालेला नव्हता. पहिल्या महायुद्धांत रुपें दुर्मिळ झालें म्हणून १९१८ सालीं कायदा करून तेथें कागदी नोटा काढल्या. प्रथम १० आणि १०० रुपयांच्या, मागाहून १ आणि ५ रुपयांच्या, आणि १९२६ सालीं १,००० रुपयांच्या. पुढें नाशिकचा छापखाना निघाल्यावर त्या तेथें छापल्या जाऊं लागल्या. म्हणजे निजामाची नोट गोदावरीच्या कांठीं छापली जाऊन गोदावरीच्याच कांठीं पैठणच्या बाजारांत खर्ची पडत असे. इंग्रजी रुपयाशीं या रुपयाचा भाव सातास सहा. म्हणून शंभर इंग्रजी रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजण्याचा हिशेब मराठवाड्यांतील दुकानदाराला तोंडपाठ असे.

या नोटेचा मुख्य लेख उर्दूंत होता. परंतु रकमेचा उल्लेख मराठी, तेलुगु व कानडी या भाषांतहि असे. राज्यकर्त्यानें प्रजेच्या भाषेंत आंकडा सांगावा आणि बाकीचें आपल्या भाषेंत ठेवावें, यांत जी विषमता आहे ती मराठवाड्याच्या वाचकाला समजावून सांगावयास नको. ज्यांच्या शाळांत व कचेऱ्यांत मातृभाषेला कोपरा मिळाला, त्यांच्या नोटेवरहि तिला कोपराच मिळाला. वाङ्मय म्हणून या नोटेला आम्ही पहिलें स्थान देणार नाहीं. परंतु चलन म्हणून ती टिकली, कारण तिच्यामागें राखीव निधि होता आणि तिचा भाव एका ठरलेल्या प्रमाणाला बांधलेला होता. उर्दू न वाचतां येणाऱ्या शेतकऱ्यानेंहि ती घेतली. त्यानें वाक्य वाचलें नव्हतें. त्यानें इतकेंच पाहिलें होतें कीं, काल सात दिले तर सहा मिळाले, आजहि सहाच मिळतात.

सप्टेंबर १९४८ मध्यें संस्थान भारतांत विलीन झालें. वचन देणारें राज्य गेलें; त्याच्याशीं मराठवाड्याचा झगडा झालेला होता, त्याच्यासाठीं अश्रु ढाळण्याचें कारण नव्हतें. तरीहि हाली रुपया एका रात्रींत केराच्या टोपलींत गेला नाहीं. कांहीं वर्षें तो भारतीय रुपयाबरोबर चालला आणि त्याच सातास सहा भावानें हळूहळू त्यांत मिसळून गेला. नव्या सत्तेनें जुन्या सत्तेचे किती तरी हुकूम फिरविले. पण गरिबाच्या गांठींतल्या नोटेचा शब्द फिरविला नाहीं. बर्लिनच्या ठेवीदाराला जें मिळालें नाहीं तें औरंगाबादच्या आणि पैठणच्या माणसाला मिळालें, याची नोंद आमच्या इतिहासांत ठळक अक्षरांत असावयास हवी.

या तिन्ही लेखांवरून निघणारा निष्कर्ष टीकाकाराला थोडा अवघड वाटणारा आहे, कारण तो शब्दाच्या सामर्थ्यावर पोट भरतो. तुघलकाचा लेख भव्य होता, राइश्सबँकेचा नेमका होता, रेंटेनबँकेचा रुक्ष होता. आणि टिकला तो रुक्ष. आजच्या भारतीय नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचें धारकाला रक्कम देण्याचें वचन असतें. सरकारच्या नांवानें निघणाऱ्या एक रुपयाच्या नोटेवर मात्र तें नसतें. म्हणून एक रुपयाची नोट कोणी कमी मोलानें घेतो काय? वाक्य निरर्थक आहे असें आमचें म्हणणें नाहीं. वाक्यामुळें नागरिकाला जाब विचारण्याची जागा मिळते, आणि ती जागा राहिलीच पाहिजे. परंतु वाक्याची सत्यता वाक्यांत नसते. तें किती वेळां उच्चारलें जातें यांत असते.

आणि हा नियम केवळ तिजोऱ्यांपुरता नाहीं. आमच्या परीक्षणांच्या पानांकडेच पाहा. दर महिन्याला एखादी कादंबरी 'युगप्रवर्तक' ठरते, एखादा काव्यसंग्रह 'अजरामर' होतो, एखादें चरित्र 'अद्वितीय' म्हणून गौरविलें जातें. आणि पुढच्या महिन्यांत तींच विशेषणें दुसऱ्या पुस्तकांवर छापून येतात. वाचक आतां 'अजरामर' हा शब्द एका बाजूनें छापलेल्या कोटीच्या नोटेसारखा घेतो आणि तसाच पुढें ढकलतो. यांत ग्रंथकारांचा दोष थोडा आहे. छापखाना आमच्या, म्हणजे टीकाकारांच्या, हातीं आहे. बर्लिनच्या त्या रुक्ष नोटेपासून आम्हीं कांहीं शिकावयाचें असेल तर इतकेंच कीं, वर्षाकाठीं किती वेळां 'उत्तम' म्हणावयाचें याची मर्यादा आधीं ठरवावी, आणि कोणी स्नेही अधिक मागूं लागला तर डिसेंबर १९२३ मधील त्या बँकेप्रमाणें त्याला नकार द्यावा. मग जेव्हां खरोखर उत्तम पुस्तक येईल, तेव्हां आमच्या शब्दाला वाचकाच्या घरीं कांहीं भाव येईल.